ऑरिओमायसिनपासून सिप्रोफ्लॉक्सॅसिनपर्यंत : आम्लनाशकांनी अडवलेली प्रतिजैविके

जठरातील आम्ल शमवणारी आम्लनाशके आणि रोगजंतूंची वाढ रोखणारी प्रतिजैविके हे दोन औषधवर्ग निरनिराळ्या काळात आणि निरनिराळ्या गरजांतून जन्मले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची गाठ पडण्याचे फारसे कारणच नव्हते. आम्लनाशके जुनी, घरगुती, डॉक्टरांना न विचारता घेतली जाणारी; प्रतिजैविके नवी, महाग आणि सुरुवातीला बहुतांशी सुईवाटे दिली जाणारी. १९४८ नंतर तोंडाने घेण्याजोगी नवी प्रतिजैविके बाजारात आली तेव्हा दोन्ही औषधे एकाच रुग्णाच्या पोटात एकाच वेळी उतरू लागली आणि पहिले दुसऱ्याला रक्तापर्यंत पोहोचू देत नाही, असे प्रकार घडू लागले. या अडवणुकीची नोंद १९५० मध्ये झाली, तिच्यामागचे रसायनशास्त्र १९५३ पर्यंत बरेचसे उलगडले, आणि तरीही १९८५ च्या सुमारास एका नव्या औषधाच्या बाबतीत ती जवळजवळ नव्याने शिकावी लागली. ही माहिती मुख्यतः औषधाच्या नावाखाली नोंदली गेली, कारणाच्या नावाखाली नाही, हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण असे की या अडवणुकीत डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच घडत नाही. अंगावर पुरळ उठत नाही, भोवळ येत नाही. ताप तेवढा उतरत नाही, आणि त्याचा दोष जंतूच्या चिवटपणाला किंवा रुग्णाच्या हलगर्जीपणाला दिला जातो.

आम्लनाशकांपैकी खायचा सोडा आणि चुन्याच्या जातीची द्रव्ये सर्वांत जुनी. आयुर्वेदात अम्लपित्तावर दिली जाणारी शंखभस्म आणि कवड्यांपासून केलेले कपर्दिक भस्म ही मुख्यतः कॅल्शियमचीच संयुगे आहेत. पाश्चात्त्य देशांत १८७३ साली चार्ल्स हेन्री फिलिप्स या औषधनिर्मात्याने मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे दुधासारखे दिसणारे पातळ औषध बाजारात आणले, आणि ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’ हे त्याचे नाव भारतातील औषधांच्या दुकानांतही रुळले. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी जठरव्रणावर, म्हणजे अल्सरवर, तासातासाला दूध व साय आणि मधल्या वेळात क्षार अशी उपचारपद्धती मांडली. ती पुढे कित्येक दशके टिकली आणि ‘पोटात आग पडली की दूध’ या समजुतीला वैद्यकाचा आधार देऊन गेली. सोड्याचे दोष मात्र उघड होते. तो वायू निर्माण करतो आणि रक्तात उतरून तेथील आम्ल-अल्कली समतोल बिघडवतो. न्यूयॉर्कचे बरिल क्रोन यांनी १९२९ मध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलचा आम्लनाशक म्हणून वापर पुढे आणला तो या पार्श्वभूमीवर. हा जेल रक्तात फारसा उतरत नाही, पोटात राहूनच काम करतो, आणि म्हणूनच तो निर्धोक मानला गेला. ॲल्युमिनियमने मलावरोध होतो आणि मॅग्नेशियमने पोट सैल होते, तेव्हा दोन्ही एकत्र करून एकाचा दोष दुसऱ्याने झाकण्याची युक्ती निघाली. भारतात घरोघरी माहीत असलेली जेलुसिल आणि डायजीन ही औषधे याच कुळातली.

दुसऱ्या बाजूची कथा अमेरिकेतील लेडर्ली या औषधकंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू होते. तेथील संशोधनाची सूत्रे आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. विद्यापीठातून सेवानिवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर तेथे निरनिराळ्या ठिकाणची माती तपासून जंतुनाशक द्रव्ये बनवणारे सूक्ष्मजीव शोधत होते. मिझुरी विद्यापीठाच्या सॅनबॉर्न फील्ड या प्रायोगिक शेतातील २३ क्रमांकाच्या वाफ्यातून आलेल्या मातीत त्यांना १९४५ मध्ये सोनेरी रंगाचे द्रव्य तयार करणारा एक सूक्ष्मजीव सापडला. या द्रव्याला ऑरिओमायसिन हे नाव मिळाले आणि १९४८ च्या उन्हाळ्यात ते जगापुढे आले. त्यानंतर काही आठवड्यांतच सुब्बाराव निवर्तले. माणसांवर त्याचा पहिला वापर न्यूयॉर्कच्या हार्लेम रुग्णालयात लुई राइट या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली झाला. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या अनेक जंतूंवर, टायफससारख्या तापांच्या कारकांवरसुद्धा, हे औषध चालत असे, आणि ते कॅप्सूलमधून गिळता येत असे. भारतात १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ते मुख्यतः टोचून दिले जाणारे औषध असल्यामुळे पोटातील या भानगडीशी त्याचा संबंध आला नाही. ऑरिओमायसिनचा आला, आणि तोही त्याच्या एका खोडीमुळे.

ती खोडी म्हणजे मळमळ. सहा-सहा तासांनी ऑरिओमायसिन घेणाऱ्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना मळमळे, उलट्या होत, आणि औषध पोटात ठरत नसे. डॉक्टरांनी यावर स्वाभाविक वाटणारा उपाय केला. पोट चिडले आहे, तर पोट शांत करणारे औषध सोबत द्यावे, म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेल कॅप्सूलबरोबर देण्याची प्रथा पडली. मळमळ खरोखरच कमी झाली. बर्टन वाइसब्रेन आणि जे. एस. ह्यूकेल यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या निबंधात मात्र असे दाखवून दिले की अँफोजेल या नावाने विकला जाणारा हा जेल सोबत घेतल्यास रक्तातील ऑरिओमायसिनची पातळी ठळकपणे घसरते. त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातूनही अशाच निरीक्षणाची बातमी आली. औषध आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरण्याच्या क्रियेला अभिशोषण म्हणतात. ते येथे जवळजवळ थांबत होते. मळमळ का कमी झाली याचे उत्तर काही अंशी तरी आता उघड होते: जेलने पोट शांत केले असेल, पण त्याचबरोबर औषधाचा बराचसा भाग निकामी करून विष्ठेवाटे बाहेर काढून दिला होता. दुष्परिणाम घटला, त्यासोबत परिणामही घटला, आणि डॉक्टर व रुग्ण दोघांनाही त्यातली पहिली गोष्टच दिसत होती.

कारण शोधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एड्रियन अल्बर्ट या ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. धातूंना धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूंचा त्यांचा जुना अभ्यास होता. १९५३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी दाखवले की ऑरिओमायसिन आणि त्याचे भावंड टेरामायसिन ही दोन्ही औषधे धातूंच्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना, घट्ट धरतात. या औषधांच्या रेणूत चार कडी शेजारी शेजारी जोडलेली असतात, आणि म्हणूनच या कुटुंबाला पुढे टेट्रासायक्लिन हे नाव पडले. त्या कड्यांच्या एका कडेला ऑक्सिजनचे अणू असे बसलेले असतात की धातूचा आयन दोन बाजूंनी, खेकड्याच्या नांग्यांत सापडावा तसा, पकडला जातो. या पकडीला चिलेशन म्हणतात. तिहेरी भाराचे ॲल्युमिनियम व लोह अत्यंत घट्ट धरले जातात, दुहेरी भाराचे मॅग्नेशियम व कॅल्शियम त्या मानाने सैल. पण पोटात आम्लनाशकाच्या एका मात्रेतून येणारे धातूचे प्रमाण इतके मोठे असते की सैल पकडही पुरेशी ठरते. धातूला बांधलेला रेणू आतड्याच्या भिंतीतून पार होत नाही. ज्या गुणामुळे ॲल्युमिनियमचा जेल निर्धोक मानला गेला होता, तो म्हणजे पोटातच राहून रक्तात न उतरणे, त्याच गुणामुळे तो प्रतिजैविकालाही आपल्याबरोबर अडकवून ठेवत होता.

सोड्याची गोष्ट वेगळी. सोडियम अशी पकड होऊ देत नाही. तरीही १९७१ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात खायच्या सोड्याबरोबर घेतलेल्या टेट्रासायक्लिनचे अभिशोषण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले, आणि तेच टेट्रासायक्लिन आधी पाण्यात विरघळवून दिले तर ही घट दिसली नाही. म्हणजे तेथे अडचण विरघळण्याची होती: जठरातील आम्ल कमी झाल्याने कॅप्सूलमधील भुकटी वेळेत विरघळत नव्हती. आम्लनाशक प्रतिजैविकाला दोन निरनिराळ्या मार्गांनी अडवू शकते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी औषधबाजारात याच रसायनशास्त्राने एक मजेदार प्रकरण घडवले, आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. कॅप्सूलमध्ये औषध थोडे आणि जागा जास्त असल्यामुळे उरलेली जागा एखाद्या निरुपद्रवी पांढऱ्या भुकटीने भरावी लागते. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलमध्ये अशा भरावासाठी डायकॅल्शियम फॉस्फेट वापरले जात असे. स्वस्त, स्वच्छ आणि खाण्यास निर्धोक अशा या भुकटीत कॅल्शियम होते, आणि ते प्रत्येक कॅप्सूलमध्ये औषधाच्या अगदी कुशीत होते. १९५६-५७ च्या सुमारास कंपन्यांमध्ये रक्तातील पातळी वाढवणाऱ्या ‘सुधारित’ टेट्रासायक्लिनची चढाओढ लागली. एकीने औषधात फॉस्फेटची विशिष्ट जात मिसळली, लेडर्लीने ॲक्रोमायसिन-व्ही मध्ये सायट्रिक आम्ल घातले, फायझरने कोसा-टेट्रासिनमध्ये ग्लुकोसामाइन वापरले, आणि प्रत्येकीने आपलाच मिश्रक औषधाला रक्तात ढकलतो असा दावा केला. पुढे लक्षात आले ते असे की फरकाचा मोठा भाग नव्या मिश्रकामुळे पडत नव्हता. जुना कॅल्शियमयुक्त भराव काढून टाकल्यामुळे पडत होता. साध्या टेट्रासायक्लिनमध्येही भराव बदलला की पातळी सुधारत असे. त्या काळी प्रतिजैविकांवरील शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांपैकी काहींचे संपादक हेन्री वेल्च हे स्वतः सरकारी औषधनियंत्रण खात्यातील प्रतिजैविक विभागाचे प्रमुख होते. नियतकालिकांतून त्यांना मिळालेल्या मोठ्या उत्पन्नाचा बोभाटा होऊन १९६० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. या वादाचा निवाडा तटस्थपणे का होऊ शकला नाही, हे समजून घ्यायला एवढी माहिती पुरेशी आहे.

याच पकडीचे इतर परिणामही एकामागून एक उजेडात आले. टेट्रासायक्लिन वाढत्या हाडांत आणि दातांत जाऊन बसते व मुलांचे दात कायमचे पिवळे-करडे करते, हे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस दिसून आले. तेथेही धातू तोच, कॅल्शियम. १९६२ मध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ या औषधांना अडवतात हे प्रयोगाने दाखवले गेले. १९७० मध्ये फिनलंडच्या पेर्टी न्युव्होनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या गोळ्यांचा तसाच परिणाम नोंदवला. १९६७ मध्ये आलेल्या डॉक्सिसायक्लिनची कॅल्शियमवरील पकड सैल असल्यामुळे दुधाने त्याचे फारसे बिघडत नाही, आणि त्यामुळे डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र ते निर्धास्त नव्हतेच. डॉक्सिसायक्लिन रक्तातून पुन्हा पित्तावाटे आतड्यात येते, आणि ते शिरेतून दिले तरी तोंडाने घेतलेले ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड त्याला आतड्यात गाठून शरीराबाहेर लवकर काढते, असे पुढे सिद्ध झाले. एकाच वेळी न घेण्याचा साधा नियम येथे पुरा पडत नाही.

महाराष्ट्रात ही सारी माहिती एका जुन्या समजुतीशी टक्कर देत आली आहे. कडक औषध ‘उष्ण पडते’, तेव्हा ते दुधाबरोबर घ्यावे किंवा वर पेलाभर दूध प्यावे, ही पद्धत घराघरांत आहे, आणि सिप्पींच्या काळातील डॉक्टरांनाही ती पटली असती. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, पाठोपाठ सुरतेत फुप्फुसांच्या प्लेगची बातमी आली, आणि मुंबई-सुरतेच्या दुकानांतील टेट्रासायक्लिन लोकांच्या भीतीपोटी हातोहात संपले. अशा गर्दीत खरेदी झालेली कॅप्सूल कशाबरोबर घ्यावी हे सांगायला दुकानदाराला सवड नसते. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली आणि साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना डॉक्सिसायक्लिन देण्याची प्रथा पावसाळ्याचा भाग बनली. हे औषध अन्ननलिकेला चरचरून लागते, म्हणून ते भरपूर पाण्याबरोबर, उभे राहून किंवा बसून घ्यायचे असते. जळजळ झाली की हात मात्र आधी डायजीनच्या बाटलीकडे जातो.

हा सर्व धडा टेट्रासायक्लिनच्या खात्यावर जमा झाला आणि तिथेच राहिला. दरम्यान औषधांचे एक वेगळे घराणे वाढत होते. मलेरियावरील क्लोरोक्विन बनवताना हाती लागलेल्या उपपदार्थाचा माग काढताना जॉर्ज लेशर यांना नॅलिडिक्सिक आम्ल सापडले आणि १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच्या रेणूवर फ्लोरिन चढवून जपानमध्ये नॉरफ्लॉक्सॅसिन आणि जर्मनीतील बायर कंपनीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही औषधे तयार झाली. या क्विनोलोन औषधांचा टेट्रासायक्लिनशी बांधणीत काही संबंध नाही. पण त्यांच्याही रेणूत दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी येतात, आणि तेवढे धातूला पकडायला पुरते. १९८५ मध्ये बर्लिनच्या ह्योफकेन यांच्या गटाने आम्लनाशक सोबत असेल तर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे अभिशोषण मोठ्या प्रमाणावर घटते असे नोंदवले. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये, म्हणजे ज्यांना रक्तातील फॉस्फेट कमी ठेवण्यासाठी रोजच ॲल्युमिनियम द्यावे लागत असे त्यांच्यामध्ये, हीच अडचण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पस्तीस वर्षांपूर्वीची माहिती पाठ्यपुस्तकांत होती, पण ती ‘टेट्रासायक्लिन’ या शब्दाखाली शोधणाऱ्यालाच सापडणारी होती.

किती वेळाचे अंतर ठेवावे, या व्यवहारी प्रश्नाचे नेमके उत्तर १९८९ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड निक्स आणि सहकाऱ्यांनी दिले. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे आम्लनाशक आधी घेऊन पाच-दहा मिनिटांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतले तर नेहमीच्या मानाने जेमतेम १५ टक्के औषध रक्तात उतरले. दोन तासांचे अंतर ठेवले तेव्हा सुमारे २३ टक्के, चार तासांनी सुमारे ७० टक्के, आणि सहा तासांनंतरच फरक मिटला. उलट क्रमाने, म्हणजे प्रतिजैविक आधी आणि आम्लनाशक दोन तासांनी, असे घेतले तेव्हा नुकसान झाले नाही. ‘आम्लनाशकाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर’ हा औषधाच्या माहितीपत्रकातील नियम याच आकड्यांशी जुळतो. दोन्ही दिशांना सारखेच अंतर ठेवणारी सर्वसाधारण सूचना, जी दुकानात अनेकदा ‘मध्ये दोन तास जाऊ द्या’ एवढ्याच शब्दांत दिली जाते, ती म्हणूनच अर्धीच बरोबर आहे. याच संशोधकांच्या गटाने त्याच वर्षी सुक्रालफेट या अल्सरवरील औषधाची परीक्षा केली. सुक्रालफेट आम्ल शमवत नाही, व्रणावर लेप देते, पण ते ॲल्युमिनियमचेच संयुग आहे, आणि त्याच्याबरोबर घेतलेल्या नॉरफ्लॉक्सॅसिनपैकी दोन टक्केही रक्तात उतरले नाही. जुलाब लागले की नॉरफ्लॉक्स आणि पोट दुखते म्हणून वर जेल, ही घरगुती जोडी या आकड्यांपुढे फारशी टिकत नाही. १९९१ मध्ये दूध आणि दह्याने सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे अभिशोषण सुमारे एक-तृतीयांशाने घटते हे दाखवणाऱ्यांत पुन्हा फिनलंडचे न्युव्होनेन होते. औषधाचे नाव बाजूला ठेवून धातूचा माग काढणारा संशोधक दोन्ही कथांत भेटतो, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

इतर प्रतिजैविकांचा हिशेब थोडक्यात उरकता येतो. ॲमॉक्सिसिलिनला आम्लनाशकांनी फारसा धक्का लागत नाही. ॲझिथ्रोमायसिनची रक्तातील सर्वोच्च पातळी उतरते, एकूण प्रमाण तेवढेच राहते. क्षयावरील आयसोनियाझिड ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडमुळे कमी शोषले जाते, हे १९७४ मध्येच नोंदले गेले होते, आणि महिनोन्महिने रोज औषधे घेताना पोटाच्या तक्रारी होणाऱ्या क्षयरोग्यांच्या देशात त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९७६ मध्ये सिमेटिडिन आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल आले तेव्हा आम्ल शमवण्याऐवजी ते तयारच होऊ न देण्याची पद्धत सुरू झाली. या औषधांत धातू नाही, त्यामुळे ती टेट्रासायक्लिनला किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनला पकडत नाहीत. निक्स यांच्या चाचणीत सिमेटिडिनच्याच कुळातील रॅनिटिडिनने काही फरक पडला नव्हता. उलट सेफ्युरॉक्सिम ॲक्सेटिल आणि सेफपोडॉक्सिम यांसारखी आम्लात विरघळणारी औषधे आता अडचणीत आली. सोड्याच्या १९७१ च्या प्रयोगातील दुसरा मार्ग येथे पुन्हा दिसतो.

या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण जठरव्रणाच्याच उपचारात आले. पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ओळखला, आणि अल्सर हा आम्लाचा विकार नसून बहुतेक वेळा संसर्ग असतो हे हळूहळू मान्य झाले. त्यावरील सुरुवातीच्या यशस्वी उपचारांत बिस्मथ, मेट्रोनिडाझोल आणि टेट्रासायक्लिन ही औषधे एकत्र दिली जात. बिस्मथ हा धातू आहे, आणि तो टेट्रासायक्लिनला पकडतो, हे त्या काळी माहीत होते. म्हणजे पोटाला शांत करणारा धातू आणि प्रतिजैविक यांना १९५० पासून एकमेकांपासून दूर ठेवण्याचा जो आटापिटा चालला होता, तो येथे जाणूनबुजून मोडला गेला, कारण हा जंतू रक्तात नसतो, जठराच्या अस्तराला चिकटून असतो, आणि औषधही तिथेच हवे असते. २००६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पायलेरा या कॅप्सूलमध्ये ही तिन्ही औषधे एकत्र आहेत. मोठ्या कॅप्सूलच्या आत एक लहान कॅप्सूल असते आणि टेट्रासायक्लिन त्या लहान कॅप्सूलमध्ये वेगळे बंद केलेले असते, जेणेकरून गिळण्याआधीच बिस्मथशी त्याची गाठ पडू नये. तिच्या माहितीपत्रकात दूध आणि आम्लनाशके टाळण्याची सूचना आहे, आणि रक्तातील टेट्रासायक्लिन घटल्याने उपचार कितपत कमजोर होतो हे ठरलेले नाही, कारण जंतूवर रक्तातून आलेले औषध किती काम करते आणि जठरातच राहिलेले किती, याची विभागणी अजून झालेली नाही, असेही तेथे स्पष्ट नोंदवले आहे.